अहो म्हटलं की येणारं कोकरू

सोमवारी सकाळी श्रीधर वारले. पार्किंगमध्ये कोकरू बांधलेलं होतं. त्याचं सकाळचं दूध राहिलं.

श्रीधर माझे यजमान. लग्नापासून मी त्यांना ‘अहो’ म्हणत आले. इथे नाव घेते आहे ते वाचकांच्या सोयीसाठी. ते कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर होते. दोघेही निवृत्त झालो होतो. कोकरू आमचं नव्हतं. ते सिन्नरकडच्या गेणू धनगराचं होतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दुपारी मंडळी स्मशानातून परत आली. घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून शेजारच्या कुमुदताईंनी पिठलं-भात पाठवला. माणसांची सोय झाली. मग पार्किंगमधून ओरडणं ऐकू यायला लागलं आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले.

“आई, कोकराला सुतक असतं का?” बंगळूरहून आलेल्या माझ्या मुलीने, अनघाने विचारलं.

“नसतं,” माझे धाकटे दीर, वसंतभाऊजी म्हणाले. ते देवळाली कॅम्पात राहतात आणि घरातल्या धर्मशास्त्राचं खातं त्यांच्याकडे आहे. “पण त्याचं दूध आपल्या गॅसवर तापवायचं नाही.”

तेव्हा दूध कुमुदताईंच्या गॅसवर तापलं आणि कंपाउंडच्या भिंतीवरून आमच्याकडे आलं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की कोकराचं दूध अंगाइतकंच कोमट हवं. कुमुदताईंनी ते खळखळून उकळलं होतं आणि दुःखाच्या घरी जायचं म्हणून त्यात वेलचीही घातली होती.

मी ते गाळून निवत ठेवलं, बाटलीत भरलं आणि खाली गेले. कोकराने तोंड फिरवलं. पुन्हा लावली, पुन्हा फिरवलं. नाशिकच्या अर्ध्या खेड्यांत जिने बाटली कशी पाजायची याची प्रात्यक्षिकं दिली, तिच्या स्वतःच्या पार्किंगमध्ये कोकरू दूध घेईना.

हे का झालं ते कळायला आधी हे काम काय असतं ते सांगायला हवं.

तसं ते माझ्या नोकरीतलं काम नव्हतंच. नोकरीत लसी टोचणं, जंताचं औषध पाजणं, अडलेल्या गाई सोडवणं आणि झालेल्या कामाची माहिती वर पाठवणं एवढंच होतं. पण दिवाळी झाली की सिन्नरच्या बाजूचे धनगर मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी कोकणात उतरायला निघतात. त्यांची वाट नाशिकच्या कडेने जाते. वाटेत मेंढ्या वितात, एखादी मरते. मागे राहिलेलं कोकरू चालू शकत नाही आणि कळप थांबू शकत नाही. अशा वेळेसाठी धनगर कळपात थोड्या शेळ्या बाळगतात आणि पोरकं कोकरू शेळीला लावतात. शेळ्या पुरल्या नाहीत की मग डॉक्टरीणबाई. “बाई, एवढं आमी माघारी येस्तोवर ठिवा,” असं म्हणत कोकरू माझ्या टेबलावर ठेवायचं, माझाच चहा प्यायचा आणि घाटाकडे निघायचं, अशी रीत पडून गेली. दवाखान्यात ठेवायला जागा नसायची. म्हणून ते माझ्या डब्याच्या पिशवीबरोबर इंदिरानगरला घरी यायचं.

बाटली तोंडाला लावली की पिल्लू पिणारच, असं लोकांना वाटतं. पिल्लू दात-ओठ घट्ट मिटून घेतं. आधी त्याच्या तोंडात बोट घालून बघायचं. तोंड थंड लागलं तर दूध द्यायचंच नाही, पोत्यात गुंडाळून ऊब द्यायची. मग भिंतीच्या कोपऱ्यात त्याला उभं करायचं, गुडघ्यांत धरायचं, जबड्याखाली हात घालून मान वर करायची. त्याच्या डोळ्यांवर पदर धरायचा, कारण आईच्या पोटाखाली अंधार असतो. शेपटीच्या मुळाशी बोटाने खाजवायचं, कारण पाजताना मेंढी तिथेच हुंगत असते. त्या स्पर्शाने पिल्लाला चोखायचं आठवतं. उभं राहून, मान वर करून प्यालेलं दूध पोटाच्या योग्य कप्प्यात जातं. वाटीतून ढोसलेलं चाऱ्याच्या कप्प्यात जाऊन नासतं. उताणं झोपवून पाजलेलं फुप्फुसात जायची भीती. शेपूट हलायला लागलं की समजायचं, जमलं.

श्रीधरांनी पहिल्यांदा कोकरू हातात घेतलं ते मांडीवर उताणं झोपवूनच.

“सोडा त्याला, मारताय तुम्ही.”

“अनघाला मी असंच पाजलंय.”

“अनघाला पोट एकच आहे.”

त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी कोकराला हात लावला नाही. मात्र बाजारहाटाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या काळी प्लॅस्टिकच्या बाटल्या सहज मिळत नसत आणि रबरी निपल घट्ट बसेल असं तोंड फक्त बिअरच्या बाटलीला असायचं. त्यामुळे सुपारीसुद्धा न खाणारे आमचे प्राध्यापक द्वारका चौकातल्या भंगारवाल्याकडे जाऊन बिअरच्या रिकाम्या बाटल्या निवडून आणायचे. निवडून म्हणजे तोंडाला निपल लावून बघून. तिथे त्यांना त्यांच्याच कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने पाहिलं. “कोकरासाठी नेतोय,” असं त्यांनी खरं तेच सांगितलं. त्या खऱ्याचा उपयोग झाला नाही. स्टाफरूममध्ये पुढे कितीतरी दिवस “कोकरू कसं आहे?” हा प्रश्न डोळे मिचकावून विचारला जायचा.

या कामात शिकवणं सोपं असतं. शिकवलेलं सोडवणं अवघड, हे मला कॅम्पातल्या एका एडक्याने शिकवलं. एका लष्करी साहेबांच्या पत्नीने रस्त्याकडेला सापडलेलं कोकरू पाळलं होतं. बाटली कशी पाजायची ते मीच दाखवलं आणि त्या उत्तम शिकल्या. फार उत्तम शिकल्या. त्याचं नाव टायगर ठेवलं, त्याला स्वेटर विणलं, दिवाणखान्यात गालिच्यावर झोपवलं. वर्षभराने फोन आला.

“डॉक्टरसाहब, ये तो खुद को आदमी समझने लगा है.”

मी जाऊन पाहिलं. टायगरने अर्दलीला, पोस्टमनला आणि जेवायला आलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना गुडघ्यांवर टकरा दिल्या होत्या.

“मॅडम, उलटा है,” मी म्हटलं. “वो आप सबको भेड़ समझता है.”

बाटलीवर वाढलेल्या नराला माणसाची भीती उरत नाही, आणि वयात आल्यावर तो आपल्या कळपातल्यांशी जे करायचं तेच करतो. आम्ही त्याला एका खऱ्या कळपात सोडून पाहिलं. मेंढ्या एका बाजूला चरत होत्या आणि हा दुसऱ्या बाजूला, तोंड बंगल्याकडे करून, उपाशी उभा. शेवटी तो बंगल्यावर परत आला. गालिच्यावर घेणं शक्य नव्हतं, म्हणून साखळीला बांधला आणि साखळीवरच म्हातारा झाला. मॅडम त्याच्याजवळ जाऊन रडायच्या. तो त्यांनाही टक्कर द्यायचा.

त्यानंतर मी घरात दोन नियम केले. कोकराला नाव ठेवायचं नाही, आणि ते वेळेवर कळपात परत गेलंच पाहिजे.

श्रीधरांनी दोन्ही नियम पाळले. गेणूचं हे शेवटचं कोकरू आलं तेव्हा मी एका शिबिरात व्याख्यान द्यायला गेले होते. मी निवृत्त झाल्याचं गेणूला कित्येकदा सांगितलं होतं, पण निवृत्ती ही गोष्ट त्याला पटत नाही. “म्हातारी मेंढीबी दात पडंस्तोवर चरती,” तो म्हणतो. संध्याकाळी घरी आले तर पार्किंगमध्ये श्रीधर स्टुलावर बसलेले, एका हातात वर्तमानपत्र, दुसऱ्या हातात बाटली. कोकरू उभं, मान वर, शेपूट हलतंय.

“अहो, सावकाश,” ते कोकराला म्हणत होते. “कोणी हिसकावून घेत नाहीये.”

“हे काय, अहो?”

“नाव ठेवायचं नाही म्हणालीस, ठेवलं नाही. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलायचं तरी कसं?”

असे ते दिवसातून चार वेळा खाली उतरायचे, “अहो, या,” म्हणायचे आणि कोकरू दोरी ताणून यायचं. बातम्या वाचून दाखवायचे. “अहो, धरणातलं पाणी पुन्हा तिकडे सोडणार म्हणतायत, तुमचं मत काय?” घरात मात्र कुरकुर करायचे, पार्किंगला वास येतो, लेंड्या मीच झाडायच्या का, गेणूला एकदा बजावून सांग. इतकी वर्षं ते कुरकुरले की आम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं होतं.

सोमवारी दुपारी कोकरू दूध का घेत नाही हे मला लगेच कळायला हवं होतं. पिल्लू नुसती बाटली शिकत नाही. हात, बसण्याची पद्धत, आवाज, हे सगळं मिळून त्याची आई असते. व्याख्यानात हे वाक्य मी नेहमी घ्यायचे. मी स्टुलावर बसले. वर्तमानपत्र हातात घेतलं. तरी नाही. मग उरलं होतं तेवढंच केलं.

“अहो, या,” मी म्हटलं. “दूध घ्या.”

ते आलं आणि वेलचीसकट सगळं प्यालं.

पुढचे दिवस मी चार वेळा पार्किंगमध्ये उतरून “अहो” म्हणत होते. “अहो, या.” “अहो, पुरे आता.” आमच्या आळीत त्याचा परिणाम झाला. कुमुदताईंनी वसंतभाऊजींना फोन केला. भाऊजी स्कूटरवरून आले, माझ्यासमोर बसले आणि फार हळू आवाजात बोलायला लागले.

“वहिनी, झोप लागते ना?”

“लागते.”

“दादा दिसतो का कधी?”

“नाही.”

“मग खाली हाका कोणाला मारता?”

“कोकराला.”

भाऊजींनी मान डोलावली. ती ज्या तऱ्हेने डोलावली त्यावरून आता मला डॉक्टरकडे नेतात की काय असं वाटलं. शेवटी मी त्यांना खाली नेलं आणि हाक मारून दाखवली. कोकरू आलं. भाऊजी खाली बघत राहिले. “दादा असं म्हणायचा याला?” एवढंच विचारलं, आणि जिन्यावर बसून पहिल्यांदाच रडले. अंत्यविधीच्या वेळी धावपळ त्यांच्या अंगावर होती. त्यांना वेळ मिळाला नव्हता.

मग दहावा दिवस आला. रामकुंडावर पिंड ठेवला. कावळा शिवेना.

मी पशुवैद्य आहे. रामकुंडावरच्या कावळ्यांसमोर सकाळपासून ओळीने पिंड असतात; त्यांची पोटं भरलेली असतात. पोट भरलेलं कोकरूही बाटलीकडे ढुंकून बघत नाही. पण हे तिथे बोलायचं नसतं. तिथे इच्छा ओळखायच्या असतात.

“दादा, वहिनींना एकटं पडू देणार नाही,” भाऊजी हात जोडून म्हणाले. कावळा कठड्यावर बसून राहिला.

“अनघाकडे लक्ष ठेवीन.” कावळ्याने चोच घासली.

“बाबा, तुमचे नकाशे रद्दीत घालणार नाही,” अनघा म्हणाली. काही नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून शिववता येईल असं सुचवलं. भाऊजींचा चेहरा पडला. भावाची काय इच्छा राहिली हे आपल्याला माहीत नाही, हे त्यांना सोसवत नव्हतं. मग त्यांना एकदम सुचलं.

“दादा, तुझं कोकरू घरीच ठेवू. कोणाला देणार नाही. मरेपर्यंत सांभाळू.”

कावळा आला आणि शिवला.

शेजारच्या कुटुंबाचं आटोपलं होतं, त्यांनी पान उचललं आणि तिथले कावळे आमच्याकडे सरकले, हे मला दिसलं होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. भाऊजींच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रक्त आलं होतं.

अडचण अशी होती की भाऊजींनी मेलेल्या भावाला जे वचन दिलं, ते गेणूच्या मालकीच्या मेंढीबद्दल होतं; कोकरू मादी होतं. शिवाय ती माझ्या घरी राहिली असती तर तिचा टायगर झाला असता. मादी टकरा देत नाही, पण मेंढी असून मेंढ्या न ओळखणं हे नुकसान तिचंही तेवढंच. वचन मोडलं असतं तर भाऊजी पुन्हा जिन्यावर. गेणू यायला अजून वेळ होता. मी माझं काम सुरू केलं.

दुधात पाणी वाढवत नेलं. लसूणघासाचा हिरवा चारा चिरून समोर ठेवला. तो सुरुवातीला तिने हुंगूनच सोडला. पहिला चारा म्हणून तिने श्रीधरांच्या फोटोवरून उतरवून खाली ठेवलेला झेंडूचा हार खाल्ला. कुमुदताईंना वाईट वाटलं. मला बरं वाटलं, कारण पोट चारा घ्यायला लागलं होतं. पाथर्डी फाट्याजवळच्या एका भाजीवाल्या कुटुंबाकडून एक शेळी काही दिवस मागून आणली, म्हणजे चार पायांच्या प्राण्याशेजारी निजायची सवय होईल. बाटली सुटली. बाटली कधीच फार छळत नाही.

राहिली हाक. माणसाच्या हाकेला येणारी मेंढी कळपात टिकत नाही. रस्त्यातल्या कोणत्याही दाराशी कोणी कोणाला “अहो” म्हटलं की ती कळप सोडून तिकडे वळणार, आणि महाराष्ट्रात ही हाक कमी ऐकू येत नाही. तेव्हा हाक बंद करायची होती. ती तिची सुटायची तर आधी मला सोडायची होती. सकाळी जिना उतरताना ती तोंडात यायची. मी ओठ मिटून घास पुढे टाकायचे आणि वर यायचे. काही दिवस मेंढी दोरी ताणून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मग बघेनाशी झाली. या कामात इतकी मंद प्रगती मी दुसऱ्या कोणत्याही कोकराची पाहिली नव्हती, आणि मंद कोण होतं हे मला माहीत होतं.

वैशाखात गेणू आला. त्या दिवशी भाऊजी आधीच येऊन बसले होते.

“साहेब गेलं म्हनं,” गेणू फोटोसमोर उभा राहून म्हणाला. “लय सालस मानूस. मला चाय करून द्यायचं, त्यात साखर नसायची, पर द्यायचं.” मग पार्किंगमध्ये जाऊन मेंढीचे दात, खूर, कास सगळं चाचपून आला. “चांगली केली, बाई. न्हेतो आता.”

“नेता येणार नाही,” भाऊजी म्हणाले आणि घाटावरची सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता गेणूने पटका काढला, पुन्हा बांधला.

“म्हंजे माझं मेंढरू तुमी कावळ्याला कबूल केलं.”

“कावळ्याला नाही. दादाला.”

“मला इचारायचं तरी.”

“तुम्ही कोकणात होतात.”

“फोन हाय ना माज्याकडं.”

“तुमचं म्हणणं बरोबर आहे,” भाऊजी खाली बघून म्हणाले, “पण तो कावळा शिवला हो, गेणूभाऊ. बाकी कशालाच शिवला नव्हता. आता मी काय करू?”

गेणूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “ती कळपात गेली पाहिजे. इथे राहिली तर तिचं वाटोळं होईल. पण भाऊजींचं वचन मला मोडवत नाही.”

मग गेणू म्हणाला, “आमच्यात एक मेंढरू देवाच्या नावानं सोडत्यात. ते इकायचं नाय, कापायचं नाय. कळपात ऱ्हातं, म्हातारपनानं मरतं. यंदाचं आजून सोडल्यालं नाय. ही सोडतो, साहेबाच्या नावानं. मरंस्तोवर सांभाळायचं, ते झालं ना?”

“पण कोणाला देणार नाही, असंही म्हटलंय मी.”

“मग नका देऊ,” गेणू उठत म्हणाला. “तुमी तिकडं तोंड करून बसा. मी न्हेतो.”

भाऊजी खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसले. गेणूने दोरी सोडली. फाटकापर्यंत मेंढी अडखळत गेली, मग बाहेर उभ्या असलेल्या टेम्पोतून दुसऱ्या मेंढ्यांचा आवाज आला आणि तिने गेणूच्या पुढे चालायला सुरुवात केली. मी ओठ मिटून उभी होते.

यंदा दिवाळी झाल्यावर गेणूचा मिस्ड कॉल आला. कळप विल्होळीच्या अलीकडे एका शेतात बसला होता. भाऊजींनी मला स्कूटरवरून नेलं. सगळ्या मेंढ्या सारख्याच काळ्या. गेणूने कान कातरलेली एक दाखवली. साहेबाची म्हणून त्याने ही खूण केली होती. ती चांगली भरली होती आणि दोन मेंढ्यांच्या मधे अंग घुसवून चरत होती.

“हाक मारून बगा की,” गेणू म्हणाला.

मी नको म्हटलं. मग मारली. “अहो.”

“काय वहिनी?” माझ्या मागे उभे असलेले भाऊजी म्हणाले.

गेणूचा कुत्रा वळला. मेंढीने मान वर केली नाही.

“इसरली,” गेणू म्हणाला. त्याला माझ्यासाठी वाईट वाटत होतं. काम नीट झाल्याची खूण तीच असते, हे मी त्याला सांगितलं नाही. भाऊजी मात्र समाधानाने मेंढीकडे बघत होते. परत येताना म्हणाले, “दादाला बरं वाटलं असेल.” मी हो म्हटलं.

आता पार्किंगमध्ये मेंढी नाही. शेळी परत दिली. बाटली धुऊन माळ्यावर ठेवली आहे. स्टूल जिथे होतं तिथेच आहे, आणि सकाळी मी त्यावर बसून वर्तमानपत्र वाचते, मनात.